शनिवारचं तेल

"देवाले वाहलेलं तेल देवाच्याच दिव्यात जळलं पायजे, सूनबाई. घरी आनू नोको, अंगाले लावू नोको, अना टाकून तं देऊच नोको."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण शनिवारी मारुतीच्या देवळात पाय ठेवला की हे शब्द कानात येतातच. आमच्या मारुतीवर शनिवारी अख्खं गाव तेल घालतं. कोणी वाटीभर, कोणी पळीभर, सोबत चिमूटभर काळे उडीद आणि तीळ. ते तेल मूर्तीवरून ओघळतं, शेंदूर घेत घेत खालच्या दगडी कुंडीत जमतं. सासूबाई, निर्मलाबाई त्यांचं नाव, ते फडक्यातून गाळायच्या आणि देवळातल्या नंदादीपात घालायच्या. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. सकाळी आंघोळ करून दिवा लावेपर्यंत मी कोणाशी बोलत नाही, ही सवय मला त्याच कामाने लागली.

मग देवळाची कमिटी झाली आणि आमचे हे, भोजराज, तिचे अध्यक्ष झाले. कमिटीने फरशी बसवली. काजळीने भिंती खराब होतात म्हणून नंदादीप बंद करून गाभाऱ्यात लाल बल्ब लावला. मी यांना एवढंच विचारलं की आता कुंडीतल्या तेलाचं काय.

"नवेगाव बांधले नेऊन देऊन राहिलो ना," हे म्हणाले. "तिथं बांधावरच्या देवळात रातदिवस दिवा असते. मी तं गाडीनं जातच असतो तिकून."

आणि खरंच, कुंडी भरली की तेलाचा डबा गाडीच्या डिकीत जाऊ लागला. डबा निघाला की मी दारात उभी राहून त्याला हात लावायची आणि तो हात कपाळाला.

हे सगळं सांगायचं कारण धुरपताबाई. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, विधवा आहे, पोट धानाच्या रोवण्या-कापण्यावर. तिचा लेक लीलाधर ट्रकवर असताना अपघातात पायाने गेला तेव्हा तिने नवस बोलला की तो चालायला लागेपर्यंत दर शनिवारी मारुतीला तेल. खोकल्याच्या औषधाच्या शिशीत ती तेल आणते. शनिवारची तिच्या घरची भाजी बिनतेलाची असते, कारण तेवढं तेल त्या शिशीत गेलेलं असतं. देवळात बल्ब लागला तेव्हा ती माझ्याकडे आली होती.

"बाई, लाईटले माह्यं तेल कायले लागते? माह्या तेलाचा दिवाच नाही लागला तं नवस कसा पावन?"

"दिवा लागतो धुरपताबाई," मी सांगितलं. "बांधावर लागतो. तुमचं तेल तिथं जळतं. माझा शब्द आहे."

माझ्या शब्दावर ती शिशी आणत राहिली. लीलाधर आता कुबडीवर अंगणापर्यंत येतो.

आता गाडी. दोन हजार आठ साली यांनी गोंदियाहून जुनी डिझेल गाडी घेतली. तिला पॉवर स्टिअरिंग होतं. गल्लीत कोणीही आलं की हे त्याला आत बसवायचे आणि एका बोटाने चाक वळवून दाखवायचे. "ट्रॅक्टर ओढून ओढून खांदे गेले माहे. हे पाह्य, करंगळीनं वळते." पुढच्या वर्षी ते चाक कण्हायला लागलं. वळताना घूंऽऽ असा आवाज, म्हैस दावणीला अडून रडते तसा. सरळ रस्त्यावर गप्प, वळणावर सुरू. यांनी आधी समोर नवीन लिंबू-मिरची बांधली. मग कोहमाऱ्याच्या मुन्नालाल मिस्त्रीला फोनवर विचारलं. त्यानंतर आवाज काही दिवस कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा, आणि गाडीत एक वास यायला लागला. खवट, कुबट, जुन्या पणतीच्या तळाशी साचतो तसा. मला वाटायचं डिकीतल्या डब्याचा असेल. देवाच्या तेलाचा वास, म्हणून मी नाकाला पदरही लावला नाही.

त्या शनिवारी यांच्या भाचीचा, रेणूचा, गोंदियाला साखरपुडा होता. निघताना धुरपताबाई शिशी घेऊन दारात आली.

"बाई, बांधावरूनच जाता ना? आज तुमच्याच हातानं घाला दिव्यात. लीलाधरले उद्या नागपूरले नेऊन राहिले, पायातली सळी काढाले. आजचा दिवा चुकाले नाही पायजे."

"मी स्वतः घालीन," मी म्हणाले आणि शिशी उभी धरून पिशवीत ठेवली. सोबत वात आणि काडेपेटी ठेवली. ती माझ्याजवळ असतेच.

नवेगाव बांध आलं तेव्हा मी यांना थांबायला सांगितलं. हे आधीच घामाने भिजले होते. चाक जड झालं होतं, प्रत्येक वळणावर गाडी ओरडत होती.

"येताना थांबू. आधी मुन्नालालले दाखवतो. इथं बंद पडली तं सासरेबुवा येनार हायेत काय ढकलाले?"

येताना तर येताना, दिवा संध्याकाळचाही चालतो.

कोहमाऱ्याला चौकाजवळ ढाब्याला लागून मुन्नालालचं गॅरेज आहे. वर पत्रा, खाली तेलाने काळी पडलेली माती, चालताना चप्पल चिकटून सुटते. मुन्नालाल गोंदियाचा, हिंदी बोलणारा, तोंडात तंबाखूचा खर्रा. माझ्यासाठी त्याने ढाब्याची खाट सावलीत ओढून दिली आणि बोनट उघडलं.

"चालू करो भैया. अब चाक पूरा काटो. इधर. अब उधर." गाडी दोन्हीकडे कण्हली. "दोनों तरफ आवाज है. पट्टा नहीं लगता."

"पट्टाच असन," हे म्हणाले. "माह्या साळ्याच्या गाडीचा पट्टाच होता."

"तो साले की गाडी लाना था." त्याने बाटलीतलं पाणी फिरत्या पट्ट्यावर उडवलं. "पट्टा चीं-चीं करता है, पानी पडते ही एक मिनिट चूप बैठता है. ये सुनो, चूप बैठा क्या? नहीं. ये घूं करके रो रहा है, और तुम चाक घुमाते हो तब रोता है. ये पंप है. पंप हवा पी रहा है. तेल कम होगा."

"कम कसं? मी भरून राहिलो ना दर वेळेस. तूच सांगितलं होतं फोनवर, तेल डाल देना."

मुन्नालालने स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं. मी खाटेवर होते तिथपर्यंत तो वास आला. त्याने मान मागे घेतली, खर्रा थुंकला आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"भैया, ये क्या डाले हो?"

"तेलच हाय. दुसरं काय असन."

"कौन सा तेल?"

"आता तेल म्हन्जे तेल. बापजादे बैलबंडीच्या आखाले देत होते, बंडी चालत नव्हती काय? तू सांगितलं तेल टाक, मी टाकलं. कोनतं ते तू सांगितलं नाही."

"मेरे को क्या मालूम तुम रसोई में घुसोगे."

हे हसले. मी उठून जवळ गेले. का गेले ते माझं मला सांगता येणार नाही. वास ओळखीचा होता, एवढंच. टाकीत वर करड्या रंगाचा फेस होता, उतू जायला आलेल्या दुधासारखा पण मेलेला. मुन्नालालने नळी घालून खालचं तेल ओढून एका पत्र्याच्या डब्यात सोडलं. ते धारेने पडेना. काकवीसारखं लोंबलं आणि तुटलं. काळपट, मध्येच तांबूस. मग त्याने टाकीच्या तळाची जाळी चिमट्याने उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"देखो भाभी. ये क्या है, चूहे का?"

जाळीवर काळे उडीद होते. फुगून फुटलेले, आतून पांढरे. तीळ होते, जाळीच्या भोकाभोकांत अडकलेले. शेंदराचा चिकट लगदा होता आणि त्यात रुईच्या पानाची एक शीर. सासूबाई ज्यासाठी फडकं वापरायच्या ते सगळं तिथं होतं. यांनी गाळायचीही तसदी घेतली नव्हती.

या वेळी मी पदर नाकाला लावला.

"हे कुंडीतलं आहे," मी म्हणाले.

"हो, मंग?" हे म्हणाले. आवाजात काही नव्हतं. न लाज, न राग. "थोडंसं टाकलं. देवाचं तेल, गाडीले राखते. बाकी लोकं कुठं कुठं धागे बांधतात, मी तेल टाकलं."

"आणि बांधावर?"

"बांधावर कोन जाते एवढ्याशा तेलासाठी, तिलकची माय? पयल्यांदा गेल्तो. तिथला पुजारी म्हने शेंदराचं तेल नोको, वात करपते, गाळून आना. मंग कोन गाळत बसन. धानाच्या मशीनले लागते, मोटारीले लागते. वाया नाही ना गेलं."

त्या डब्याला हात लावून मी कपाळाला लावत होते ते मला आठवलं. मी पदराने कपाळ पुसलं. तिथं काही नव्हतं, तरी पुसलं.

मुन्नालाल तोवर गाडीखाली शिरला होता. तिथून त्याचा आवाज आला. "मिल गया. वापसी का पाइप फूल गया है तुम्हारे तेल से, रबर देखो, भीगे चमडे जैसा. क्लिप ढीला. इधर से तेल टपकता है, इधर से ही हवा जाती है. तुम ऊपर से डालते गए, वो नीचे से छोडता गया. और गरम हो हो के अंदर गोंद बन गया." तो बाहेर आला. "पाइप बदलूंगा. मगर पहले पूरा धोना पडेगा. एक आदमी बैठ के चाक घुमाए."

हे ढाब्याकडे निघाले होते. आम्ही दोघं शनिवार धरतो. हे ढाब्याच्या पोराला विचारत होते ते मला इथून ऐकू आलं.

"साबुदाना वडा हाय? उपासाचा ना? का त्याच तेलात भजे तळून राहिला? अलग तेल पायजे बरं, माहा शनिवार हाय."

आणि त्याच बोटांनी, दर वेळेस ते तेल टाकीत ओतणाऱ्या त्या बोटांनी, यांनी वडा मोडला.

मी गाडीत बसले, चालवायच्या जागी. एवढ्या दिवसांत तिथं कधी बसले नव्हते. मुन्नालालने जॅकवर पुढची चाकं उचलली होती. पाइप काढून त्याचं तोंड बादलीत सोडलं होतं आणि वरून तो लाल, स्वच्छ, नवीन तेल ओतत होता.

"भाभी, इंजन बंद है, भारी लगेगा. धीरे धीरे. पूरा बाएं, फिर पूरा दाएं. कोने पे जाके दबाना नहीं, छू के वापस."

मी चाक फिरवलं. हातात बांगड्या वर सरकल्या. खाली बादलीत पचक असा आवाज झाला. पुन्हा फिरवलं, पुन्हा पचक. दार उघडं होतं, मला बादली दिसत होती. आधी काळं आलं, गाठीगाठींचं. मग तांबूस. माशाच्या टोपलीखाली राहतं तसल्या पाण्याचा वास त्याला. अख्ख्या गावाने वाहिलेलं होतं ते. कोणाच्या परीक्षेचं, कोणाच्या कूस उजवण्याचं, कोणाच्या साडेसातीचं. त्यात धुरपताबाईच्या घरच्या किती भाज्या होत्या कोणास ठाऊक. मी डावीकडे फिरवत होते आणि लोकांचे नवस बादलीत पडत होते. कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की या जन्मात मी एवढं घाण काही पाहिलं नाही. आणि मी शेण काढलेलं आहे, माणसांचं आजारपण काढलेलं आहे. त्याची कधी किळस आली नव्हती.

हळूहळू लाल यायला लागलं. लालात काळे धागे, मग नुसतं लाल.

मुन्नालालने नवा पाइप बसवला, क्लिप कसली, जाळी पेट्रोलमध्ये धुतली. टाकीत तेल घालून त्याने पुन्हा मला बंद गाडीत दोन्हीकडे फिरवायला लावलं, हवा निघावी म्हणून. टाकीत बुडबुडे येत होते, ते थांबेपर्यंत. मग चाकं खाली टेकवली आणि गाडी चालू केली. कण्हणं गेलं होतं. पूर्ण वळवलं की बारीक गुणगुण तेवढी येत होती.

"इतना रहेगा," तो म्हणाला. "पंप अंदर से घिस गया. तेल की गलती तो धो दी, घिसा हुआ कैसे धोऊं." मग टाकीत डोकावला. "थोडा कम है. मेरा डिब्बा खतम. चलेगा गोंदिया तक, वहां डाल लेना. यही लाल वाला. भैया, सुन रहे हो? लाल वाला."

हे हात पुसत आले होते. टाकीत यांनीही पाहिलं. खुणेच्या रेघेच्या खाली बोटभर.

"कमी कायले ठेवायचं," हे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तिलकची माय, तुह्या पिशवीत धुरपतीची शिशी हाय ना? दे थोडं. हे तं ताजं हाय. उडीद नाही, शेंदूर नाही. गाळायचंही काम नाही."

मुन्नालालने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टाकीचं झाकण लावून टाकलं.

हे विनोद करत नव्हते. तसं असतं तर मी सोसलं असतं. यांना खरंच वाटत होतं की या वेळी आपण चुकीचं काही मागत नाही, कारण या वेळी तेल स्वच्छ आहे. माझ्यासमोर उभा असलेला माणूस दर शनिवारी गाभाऱ्यात सगळ्यात पुढं उभा राहून आरती म्हणतो. मला त्याच्या ओठांवरचे साबुदाण्याचे कण दिसत होते. मी नजर काढून घेतली.

"हे तेल देवाला सांगितलेलं आहे," मी म्हणाले.

"मंग? बाकीचं कोनाले सांगितलेलं होतं?"

याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते या माणसाला द्यायचं म्हणजे पुन्हा त्या बादलीत हात घालायचा.

"मुन्नालालभाऊ," मी विचारलं, "बादलीतल्याचं काय करता?"

"नाली में. और क्या."

"एखाद्या झाडाखाली खड्डा करून पुराल? पाय पडणार नाही असं. जाळीवरचं पण."

त्याने गॅरेजमागे नजर टाकली. "पीछे बबूल है. गाड दूंगा, भाभी."

मी पिशवी घेतली. हे गाडीत बसले होते, इंजिन चालू करून चाक डावीकडे उजवीकडे फिरवत होते, एका बोटाने. तोंडावर समाधान पसरलं होतं. "बस ना लवकर. रेणूचा मुहूर्त निघून जाईन."

"तुम्ही व्हा पुढे."

"अना तू?"

"मी अर्जुनीच्या एसटीने बांधावर उतरते."

"आता? आजचा दिवस? लोकं काय म्हनतीन, मामी काऊन नाही आली?"

"सांगा, शनिवार आहे."

मी येत नाही हे यांच्या ध्यानात आलं आणि गाडी गोंदियाच्या रस्त्याला लागली. वळणावर ती बारीक गुणगुणली, आधीपेक्षा पुष्कळ कमी.

धुरपताबाईला आधीच्या शनिवारांचं काय सांगायचं ते मला ठरवता आलेलं नव्हतं. सांगावं तर लागणार होतं, आणि लीलाधर नागपूरहून परतल्यावर मीच सांगणार होते, यांच्या तोंडून ते निघायच्या आधी. पण आजचं काम आजचं होतं. ढाब्याच्या नळावर मी हात धुतले. साबण नव्हता म्हणून राखेने धुतले, कोपरापर्यंत, आणि वास घेऊन पाहिला, आणि पुन्हा धुतले. चौकात अर्जुनी मोरगावची एसटी लागली होती. खिडकीजवळ जागा मिळाली. बांधावरचा तो दिवा अजून जळतो का, पुजारी दार उघडेल का, काही माहीत नव्हतं. नाही उघडलं तर पायरीवर लावता येतो. मी पिशवीतून शिशी काढली, बूच घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी मांडीवर उभी धरली.

"कुठं, माय?" कंडक्टरने विचारलं.

"नवेगाव बांध," मी म्हणाले.